वाचकांचे प्रश्न : मोरांचे दालन, पौंड आणि गिनी

प्रश्न : गेल्या वर्षी मुलीकडे मेरीलँडला गेलो असताना वॉशिंग्टनमधील फ्रीअर कलादालन पाहण्याचा योग आला. तेथील व्हिसलरने रंगवलेल्या निळ्या-सोनेरी दालनात एका भिंतीवर दोन मोर एकमेकांवर धावून जाताना दिसतात आणि त्यांपैकी एकाच्या पायाशी नाणी विखुरलेली आहेत. हे भांडण चित्रकार आणि घरमालक यांचे आहे, एवढेच तेथे समजले. मी स्वतः तीस वर्षे मागणीनुसार व्यक्तिचित्रे करून देत आलो आहे आणि ठरल्यापेक्षा काम वाढले की पैशांवरून कशी कटुता येते, हे जाणतो. या दोघांच्या पत्रव्यवहारातून काय दिसते आणि न्याय कोणाच्या बाजूला होता, हे कृपया सांगावे.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आपल्या प्रश्नाचे उत्तर भांडणाच्या पत्रांपासून सुरू केले, तर दोघांवरही अन्याय होईल, म्हणून चार वर्षे मागे जाऊ. त्या घराचा मालक फ्रेडरिक लेलँड हा लिव्हरपूलचा जहाजमालक होता. ज्या जहाज कंपनीत तो उमेदवार म्हणून लागला, तिचाच पुढे धनी झाला. तो पियानो वाजवत असे आणि चित्रांची त्याला खरी जाण होती. मूळचा अमेरिकन, पण लंडनमध्ये स्थायिक झालेला जेम्स व्हिसलर त्याच्या घरी आठवडेच्या आठवडे राहत असे आणि त्याने लेलँडचे व त्याच्या पत्नीचे पूर्णाकृती चित्रही केले होते. थेम्स नदीवरच्या रात्रीची जी चित्रे व्हिसलर त्या काळात रंगवत होता, त्यांना ‘नॉक्टर्न’ हे संगीतातले नाव लेलँडनेच सुचवले. १८७२ च्या नोव्हेंबरमधील एका पत्रात व्हिसलर त्याचे मनापासून आभार मानतो. या नावाने टीकाकार चिडतात याचा आपल्याला आनंद आहेच, पण मला जे म्हणायचे आहे तेवढेच आणि तितक्याच काव्यमय रीतीने ते सांगते, असे तो लिहितो. आपल्या चित्राला नाव देण्याचा मान चित्रकार सहसा कोणाला देत नाही. हे पत्र वाचल्यावर पुढच्या पत्रांतला कडवटपणा अधिक जाणवतो.

१८७६ मध्ये लेलँडने लंडनमधील ४९, प्रिन्सेस गेट या आपल्या घराची सजावट काढली होती. जेवणाच्या दालनाचे काम टॉमस जेकिल या वास्तुकाराकडे होते. त्याने भिंतींना सोनेरी वर्खाचे, लाल फुलांचे चामडे लावले आणि लेलँडच्या निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यांसाठी अक्रोडाच्या लाकडाच्या नाजूक फळ्यांची मांडणी भिंतीभर उभी केली. शेकोटीच्या वर व्हिसलरचे चिनी मातीच्या देशातील राजकन्येचे चित्र लागणार होते. चामड्यावरची लाल फुले आपल्या चित्रातल्या रंगांशी भांडतात, असे व्हिसलरला वाटले. फुलांवर थोडा पिवळा हात फिरवावा आणि वरच्या पट्टीवर लाटांची नक्षी काढावी, एवढ्यालाच लेलँडने संमती दिली आणि तो व्यवसायासाठी लिव्हरपूलला निघून गेला.

त्यानंतर त्या दालनात जे घडले, ते मागणीनुसार काम करणाऱ्या प्रत्येक कलावंताने एकदा तरी अनुभवलेले असते, मात्र इतक्या मोठ्या प्रमाणावर क्वचितच. एका जागी हात लावला की शेजारची जागा फिकी दिसू लागते, तिला उजळ केले की छत डोळ्यांना खुपते. व्हिसलरने छतावर सोनेरी वर्ख चढवून त्यावर मोरपिसांची नक्षी काढली, अक्रोडाच्या फळ्या सोन्याने मढवल्या आणि खिडक्यांच्या उंच लाकडी झडपांवर जमिनीपासून वरपर्यंत पिसारा सोडलेले चार सोनेरी मोर रंगवले. लिव्हरपूलला तो कौतुकाने लिहीत होता की, दालन सौंदर्याने नुसते जिवंत झाले आहे, झगझगीत असूनही शेवटच्या रेषेपर्यंत तलम आहे. मात्र काम पुरे होईपर्यंत आपण येऊ नये, अशी त्याची विनंती होती. या सगळ्या पत्रांत आनंद ओसंडून वाहतो. पैशांचा आकडा तेवढा कोठे येत नाही. दरम्यान मालकाच्या गैरहजेरीत मित्रमंडळी आणि वर्तमानपत्रांचे लोक त्याच्या घरात येऊन दालन पाहून जात होते.

ऑक्टोबरमध्ये लेलँड परतला आणि व्हिसलरने दोन हजार गिनींची अपेक्षा सांगितली. २१ ऑक्टोबर १८७६ चे लेलँडचे उत्तर मी अनेकदा वाचले आहे आणि ते कंजूष माणसाचे पत्र आहे, असे मला कधीही वाटलेले नाही. सांगितलेली रक्कम आपल्याला मान्य नाही आणि आधी कल्पना न देता आपल्याला एवढ्या खर्चात पाडायला नको होते, असे तो सरळ लिहितो. झडपांवरच्या मोरांची किंमत चित्रे म्हणून बाराशे पौंड होऊही शकेल, हे तो नाकारत नाही. पण इतक्या महागड्या चित्रांसाठी झडपांची मागची बाजू ही जागाच चुकीची होती आणि आपण तसे काम सांगितलेले नव्हते, असे त्याचे म्हणणे आहे. हव्या तर झडपा काढून घेऊन जा, मी नव्या बसवून घेईन, असेही तो सुचवतो. बोली जेवढ्याची झाली तेवढ्याचेच देणे लागते, हा व्यापाऱ्याचा हिशेब आहे आणि त्यात मला खोट दिसत नाही. आपल्यासारख्या व्यक्तिचित्रकाराने या पत्राचा हा भाग जवळ ठेवण्यासारखा आहे. कॅनव्हास मोठा घ्यावासा वाटला किंवा मागे बाग रंगवावीशी वाटली, तर ब्रश उचलण्यापूर्वी दोन ओळी लिहून पाठवाव्यात आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. व्हिसलरला ते थांबणे जमले नाही.

चूक लेलँडच्या हातून झाली ती यानंतर. अखेर निम्म्यावर, म्हणजे एक हजारावर तडजोड झाली, पण त्याने हिशेब गिनींऐवजी पौंडांत चुकता केला. हा फरक आजच्या वाचकाला समजावून सांगावा लागतो. पौंड म्हणजे वीस शिलिंग, तर गिनी म्हणजे एकवीस. व्हिक्टोरियन काळात गिनीचे नाणे चलनात राहिले नव्हते, पण वकील, डॉक्टर आणि चित्रकार यांचा मोबदला गिनींतच सांगितला जाई, तर सुतार आणि दुकानदार यांचे बिल पौंडांत होई. आपल्याकडे आहेराच्या पाकिटात शंभरावर एक रुपया घालतात, त्या वरच्या रुपयाची किंमत जशी एका रुपयाची नसते, तसेच त्या एकविसाव्या शिलिंगाचे होते. लेलँडने तो काढून घेतला. हिशेबाने पन्नास पौंडच कमी झाले, पण जो माणूस आठवडेच्या आठवडे त्याच्या घरी पाहुणा होता आणि ज्याच्या चित्रांना त्याने नाव दिले होते, त्याला त्याने एका धनादेशाने कारागिराच्या रांगेत बसवले. सुताराला पौंड देण्यात कमीपणा होता असे मला मुळीच म्हणायचे नाही. परंतु कोणाला काय दिल्याने काय समजले जाते, हे लेलँडला चांगले ठाऊक होते.

व्हिसलरचे उत्तर ऑक्टोबरच्या अखेरीस गेले. माझे शिलिंग कापलेले दिसतात, आणखी पन्नास पौंड गेले, ठीक आहे, असे म्हणून तो पुढे लिहितो की शेवटी काम तेवढे उरते, ते अमक्याच्या घरात झाले की तमक्याच्या ही निव्वळ गोष्ट. आणि पुढे कधीतरी एखाद्या चरित्रकाराच्या पानात, इटालियन चित्रकार कोरेज्जोला पेनीच्या चिल्लरीत पैसे देणारा जो माणूस होता, त्याच्यासारखे तुम्हीही पिढ्यान्‌पिढ्या ओळखले जाल. पत्रात दुखावलेपण आहे, पण त्याच्या तळाशी एक ठाम श्रद्धाही आहे आणि ती मला आदरणीय वाटते. अपमान झाल्यावरही त्याने काम अर्धवट टाकले नाही. लेलँडने त्याला काम पुरे करू दिले, तेव्हा त्याने चामड्यावर सर्वत्र गर्द निळा रंग चढवला आणि शेकोटीसमोरच्या भिंतीवर आपण पाहिलेले ते दोन मोर काढले. आपण तेथे पुन्हा गेलात, तर दोन बारकावे जवळून पाहावेत. नाण्यांजवळच्या मोराच्या गळ्यावर रुपेरी पिसे आहेत, ती लेलँडच्या झालरीच्या सदऱ्याची खूण आहे, आणि दुसऱ्या मोराच्या डोक्यावर जो एक रुपेरी तुरा आहे, तो व्हिसलरच्या काळ्या केसांतली प्रसिद्ध पांढरी बट आहे. १८७७ च्या उन्हाळ्यात पत्रे इतकी विखारी झाली की, तुम्ही रोज जेवायला बसता तेव्हा समोर दिसणारे चित्र साऱ्या लंडनला ‘कला आणि पैसा’ या नावाने माहीत आहे, असे व्हिसलरने लेलँडला लिहिले. लेलँडने त्याला आपल्या कुटुंबापासून दूर राहण्याची धमकी दिली, त्या भागात मी जात नाही. मे १८७९ मध्ये व्हिसलरचे दिवाळे निघाले, तेव्हा त्याच्या मोठ्या धनकोंमध्ये लेलँड होता.

आता न्यायाविषयी. ठरावाच्या दृष्टीने लेलँड बरोबर होता, असे मी वर म्हटले आहे. पण झडपा काढून न्या म्हणणाऱ्या या गृहस्थाने त्या काढल्या नाहीत, भिंत पुसली नाही, आणि १८९२ मध्ये मृत्यू येईपर्यंत, पंधरा वर्षे, आपलीच चेष्टा करणाऱ्या त्या मोरांसमोर तो जेवत राहिला. ज्या वस्तूला माणूस असा जपतो, तिचे मोल त्याला पोचलेले असते, म्हणून निम्मी रक्कम मला अपुरी वाटते. व्हिसलरचा खरा अपराध मात्र लेलँडच्या तिजोरीशी नव्हता. जेकिलने निवडलेले चामडे निळ्या रंगाखाली गेले, त्याच्या फळ्यांचे लाकूड सोन्याखाली गेले आणि दालनाला नाव मिळाले ते दुसऱ्याचे. जेकिल त्या सुमारास मानसिक आजाराने खचला आणि १८८१ मध्ये मनोरुग्णालयातच वारला. आजाराचे कारण हे दालन होते, असे मी म्हणणार नाही. पण भांडणाच्या दोन बाजू मोजताना ही तिसरी बाजू कोणी विचारत नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते. डेट्रॉइटचे रेल्वे डब्यांचे कारखानदार चार्ल्स फ्रीअर यांनी १९०४ मध्ये सगळे दालन विकत घेतले आणि १९२३ पासून ते आपण पाहिलेल्या ठिकाणी आहे. तेथे भांड्यांच्या फळ्यांची ती बारीक उभी-आडवी चौकट दिसते, ती जेकिलची आहे.

प्रश्न : त्या काळातील आश्रयदाते चित्रात काय असावे, हेही पत्रांतून सांगत असत का? आणि चित्रकार ते ऐकत असत का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सांगत असत, आणि पुष्कळदा चित्रकार ऐकतही असत. लीड्सचा शेअर दलाल टॉमस प्लिंट हा धर्मनिष्ठ मनुष्य होता. फोर्ड मॅडॉक्स ब्राऊनच्या ‘वर्क’ या चित्राची मागणी त्याने १८५६ मध्ये नोंदवली. लंडनच्या हॅम्पस्टेडमधील रस्ता खोदणारे मजूर आणि त्यांच्या भोवतीची माणसे असा त्याचा विषय आहे. चित्रात कार्लाइल आणि किंग्जली हे दोन्ही विचारवंत यावेत आणि ज्या चार फॅशनेबल स्त्रिया रंगवायच्या आहेत, त्यांपैकी एक शांत, भाविक, हातात पुस्तके आणि धर्मपत्रके असलेली करावी, असे त्याने त्याच वर्षी पत्रातून कळवले. ब्राऊनने कार्लाइलला घेतले, किंग्जलीऐवजी कामगारांच्या महाविद्यालयाचे संस्थापक मॉरिस यांना उजवीकडे उभे केले, आणि पत्रके वाटणारी स्त्रीही रंगवली. मला ती चित्रात परकी वाटत नाही, उलट मजुरांना उपदेशाचा कागद देणारा तो हात नसता, तर चित्रातला समाज अपुरा राहिला असता. रंग लागण्यापूर्वी आलेली सूचना चित्रकाराच्या कामी येऊ शकते, ती अशी. प्लिंट मात्र ते पाहू शकला नाही. तो १८६१ मध्ये वारला आणि चित्र १८६३ मध्ये पुरे झाले. आता ते मँचेस्टरला आहे.

रंग वाळल्यानंतर आलेल्या पत्राची गोष्ट निराळी असते. मँचेस्टरच्या टॉमस फेअरबेर्नसाठी विल्यम होल्मन हंटने ‘द अवेकनिंग कॉन्शन्स’ हे चित्र केले आणि ते १८५४ मध्ये रॉयल अकादमीत लागले. एका श्रीमंत पुरुषाने ठेवलेली स्त्री पियानोवरचे जुने गाणे ऐकता ऐकता अचानक भानावर येऊन त्याच्या मांडीवरून उठते, तो हा क्षण आहे. टेबलाखाली मांजराच्या तावडीतून पक्षी सुटतो आहे. कलासमीक्षक रस्किन यांनी त्या वर्षी २५ मे रोजी ‘द टाइम्स’मधील पत्रात या चित्राचा अर्थ उलगडताना त्या स्त्रीच्या चेहऱ्यावरील यातनेचे सविस्तर वर्णन केले. परंतु चित्र घरी आल्यावर फेअरबेर्नला तोच चेहरा सहन होईना. रोज ज्याच्यासमोर वावरायचे, त्या चेहऱ्यावर इतकी वेदना नको, अशी त्याने हंटला विनंती केली आणि हंटने तो पुन्हा रंगवला. फेअरबेर्नला मी दोष देऊ शकत नाही, कारण त्याची अडचण प्रामाणिक होती, आणि पुढेही त्याने हंटकडून आपल्या कुटुंबाचे मोठे चित्र करून घेतले, म्हणजे संबंधही बिघडले नाहीत. तरीही लंडनच्या टेट संग्रहातील या चित्रासमोर रस्किन यांचे पत्र घेऊन उभे राहावे, तर त्यात वर्णिलेला चेहरा तेथे सापडत नाही. जो दिसतो, तो एका घरात रोज पाहता यावा म्हणून केलेला दुसरा चेहरा आहे आणि पहिला त्याच्याच खाली रंगाआड गेलेला आहे.