चार फॉरवर्ड आणि मागे राहिलेली माणसं

प्रिय मित्रा,

तुझ्या फुटबॉल संघासाठी तू पाठवलेली ४-२-४ ची आखणी पाहिली: चार बचावपटू, दोन मिडफिल्डर (मधले खेळाडू), चार फॉरवर्ड (पुढचे आक्रमक). चार जण पुढे म्हणजे संघ आक्रमक, असा तुझा हिशोब दिसतो. एकेकाळी २-३-५ मध्ये पाच-पाच फॉरवर्ड उतरवत, तरी गोलशून्य सामने होतच होते.

फॉर्मेशनचा आकडा फक्त खेळाडू उभे कुठे राहतात ते सांगतो, धावतात कुठे ते नाही. १९५८ च्या विश्वचषकातला ब्राझीलचा संघ ४-२-४ साठी ओळखला जातो. पण डावा विंगर (कडेने खेळणारा फॉरवर्ड) झगालो चेंडू गेला की धावत मिडफिल्डमध्ये यायचा, म्हणजे प्रत्यक्षात बराच वेळ ते ४-३-३ असायचं. अंतिम सामन्यात ५-२ जिंकताना त्याने गोलही केला, हे विसरू नकोस. तुझ्या चौघांपैकी असा परतणारा कोण? कागदावर तरी मला सापडला नाही.

दुसरं उदाहरण १९५३ चं. लंडनच्या वेम्बली मैदानावर हंगेरीने इंग्लंडला ६-३ असं हरवलं. हंगेरीचा नऊ नंबरचा हिदेगकुटी स्ट्रायकर (सगळ्यात पुढचा फॉरवर्ड) म्हणून उतरला आणि खेळला मात्र बराच मागे. त्याच्यावर नेमलेल्या बचावपटूने पाठलाग केला तर मागे भगदाड, जागेवर थांबला तर हिदेगकुटी मोकळा. त्याने तीन गोल केले. आक्रमणाचं खरं काम हेच: समोरच्याला असा प्रश्न घालायचा की दोन्ही उत्तरं चुकीची ठरावीत. चार जण एका रेषेत बचावफळीला चिकटून उभे राहिले तर प्रश्नच उरत नाही, प्रत्येकाला आपला माणूस समोर दिसतो.

म्हणून आकडा बाजूला ठेव आणि मैदानाचे लांबीच्या दिशेने पाच पट्टे पाड. चेंडू आपल्याकडे असताना पाचही पट्ट्यांत पुढे एकेक जण हवा. तो कुठून आला याला महत्त्व नाही. विंगर साइडलाइनला चिकटला असेल तर फुलबॅकने (त्याच कडेच्या बचावपटूने) आत यावं. विंगर आत सरकला तर फुलबॅकने बाहेरून पळावं. दोघं एकाच पट्ट्यात गेले की एकच बचावपटू दोघांना सांभाळतो. नवशिक्या संघांत ही चूक मला सगळ्यात जास्त दिसते, आणि तिचा दोष मी खेळाडूंना देत नाही, कारण कोणी कधी सरकायचं हे त्यांना सांगितलेलंच नसतं.

आता मागचे पाच. गोलकीपर सोडला तर तेवढेच उरतात, आणि हल्ला किती धीटपणे करता येईल हे तेच ठरवतात. प्रतिस्पर्ध्याने दोघं पुढे ठेवले असतील तर मागे किमान तिघं ठेव. उरलेल्या दोघांनी प्रतिस्पर्ध्याच्या बॉक्सच्या (गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीच्या) बाहेर, मधोमध उभं राहायचं. परतून आलेला चेंडू बहुतेक वेळा तिथेच पडतो आणि प्रतिहल्ल्याचा पहिला पासही तिथूनच निघतो. चेंडू गेला की जवळच्या एकाने लगेच अंगावर जायचं, बाकीच्यांनी पासचे रस्ते अडवायचे. पाच-सहा सेकंदांत परत मिळाला नाही, तर मागे पळा. इथे हुशारी दाखवणारे गोल खातात.

क्रॉस, कॉर्नर वगैरे नंतर पाहू.

सरावात अर्ध्या मैदानावर आठ विरुद्ध सात असा खेळ लाव. आठ जणांनी गोल करायचा. सात जणांनी चेंडू हिसकावून दहा सेकंदांत मधली रेषा ओलांडली तर त्यांना दोन गोल द्यायचे. सुरुवातीला सातच जिंकतील आणि तुझे फॉरवर्ड कुरकुर करतील. गुणांची पद्धत बदलू नकोस. मागे कोण थांबणार, यावर ते आपापसात बोलायला लागेपर्यंत हाच खेळ चालू ठेव.

तुझा,
एक जुना प्रशिक्षक