रॉक ऐकत पळलं तर खरंच दम टिकतो का?

तुम्ही विचारलंय : "सोलापुरात राहतो, रोज चालतो, आता हळूहळू १० किलोमीटर पळायचं ठरवलंय. मित्र म्हणतो रॉक लाव, पाय आपोआप पळतात. यात तथ्य आहे की नुसती हवा?"

तथ्य आहे, पण मित्र सांगतोय तसं नाही. पाय आपोआप वगैरे काही पळत नाहीत. तिसऱ्या किलोमीटरनंतर "बास झालं, घरी जाऊ" असं जे मन म्हणायला लागतं, ते गाण्यामुळं जरा उशिरा म्हणतं. रोज उठून बाहेर पडणाऱ्याला तेवढंही पुष्कळ असतं.

हे इअरफोनवाल्या पिढीनं काढलेलं खूळ नाही. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पूर्वी सहा दिवस चालणाऱ्या सायकल शर्यती व्हायच्या. बँड वाजत असताना स्वारांचा वेग वाढतो, हे लिओनार्ड आयर्स या अमेरिकी अभ्यासकानं मोजून १९११ मध्ये छापलं होतं. नंतर या विषयावर ढीगभर काम झालं. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले कोस्टास कारागिऑर्गिस यांचं नाव त्यात सारखं येतं. २०२० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १३९ अभ्यास एकत्र करून पाहिले. निष्कर्ष असा की संगीतामुळं व्यायाम करताना बरं वाटतं, कष्ट कमी वाटतात, कामगिरीही थोडी सुधारते. हृदयाच्या ठोक्यांत मात्र म्हणावा असा फरक दिसला नाही. म्हणजे त्रास कमी जाणवतो, हृदयाचं काम तेवढंच राहतं. हे लक्षात ठेवा, पुढं उन्हाच्या गोष्टीत लागणार आहे.

अजून एक मर्यादा आहे. हलक्या आणि मध्यम श्रमाला गाणं चालतं. धाप लागून बोलणं बंद झालं की मग कानात कुणीही गिटार बडवो, छातीतला भाता त्याच्या वर आवाज काढतो. पार्क मैदानावर जीव तोडून फेऱ्या मारणार असाल तर गाणं आधी ऐका, अंगात पेटायला. पळताना त्याचा फारसा उपयोग नाही.

मग रॉकच का? माझ्या मते कारण मोठा आवाज नाही, ड्रम आहे. बहुतेक रॉक गाणी चार मात्रांच्या सरळ चक्रात असतात आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक आवाजाच्या ड्रमचा) फटका ठरलेला. पायाला तो लगेच सापडतो. आपल्याकडं गणपतीच्या आधी गल्लोगल्ली लेझीमचा सराव चालतो ना, तसंच आहे हे. हलगीवर पोरं तासभर वाकतात, उठतात, उड्या मारतात. त्याच पोरांना हलगीशिवाय तेवढ्या उठाबशा काढायला सांगून बघा, दहाव्या मिनिटाला पाणी प्यायला पळतील.

म्हणून गाणं निवडताना ते किती भारी आहे यापेक्षा त्याचा ठेका तुमच्या पावलाशी जुळतो का ते बघा. अर्ध्या मिनिटातली पावलं मोजा, दुप्पट करा. झपाट्यानं चालताना साधारण ११० ते १३० येतात, आरामात पळताना बहुतेकांची १६०च्या आसपास. 'आय ऑफ द टायगर' सगळ्यांच्या यादीत असतं, १९८२च्या 'रॉकी ३' सिनेमासाठी केलेलं. त्याचा ठेका मिनिटाला १०९च्या आसपास, म्हणजे ते चालायचं गाणं आहे! त्यावर पळायला गेलात तर पाय एकीकडं आणि ड्रम दुसरीकडं. एसी/डीसी या बँडचं 'थंडरस्ट्रक' १३४च्या जवळ, खूप भरभर चालणाऱ्याला ठीक. पळायला क्वीन बँडचं 'डोन्ट स्टॉप मी नाऊ' बघा, १५६च्या आसपास आहे. (त्यांचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या बोर्डिंगात शिकलेला, त्यामुळं आपल्या बाजूचाच म्हणायचा.) ८०च्या ठेक्याचं संथ, जड गाणंही चालतं, दर दुसऱ्या पावलाला एक ठोका. मला स्वतःला लांब पळायला हेच जास्त आवडतं, कारण वेगवान गाणं सुरुवातीलाच ताणून पळवतं आणि मग वाट लागते.

पहिल्या मिनिटापासून लावूही नका. अर्धं अंतर नुसतं पळा, कंटाळा यायला लागला की मग सुरू करा. रोज तीच यादी वाजवली तर महिन्याभरात तिचा असर मावळतो.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा चाळिशी ओलांडतो, हे तुम्हाला सांगायला नको. दमल्याची जाणीव ही शरीरानं वाजवलेली घंटा असते आणि गाणं नेमका तिचाच आवाज दाबून टाकतं. थंडीत पहाटे ते फायद्याचं. पण मेमध्ये नऊ वाजता तुळजापूर रोडला पळताना डोकं जड झालंय, घाम थांबलाय, हे कळायला उशीर झाला तर उष्माघातच. उन्हाळ्यात सूर्य वर यायच्या आत उरका. उशीर झालाच तर त्या दिवशी गाणं नको, पळणंही नको, चाला.

रस्त्याचं म्हणाल तर सिद्धेश्वर तलावाच्या कडेनं चालताना दोन्ही कानांत घातलं तरी एक वेळ चालेल. होटगी रोड, विजापूर रोडला एकच कान, आणि मागचा हॉर्न ऐकू येईल एवढाच आवाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. रॉकवाल्यांचं बोट आवाजाच्या बटणावर जरा जास्तच जातं.

१० किलोमीटरची शर्यत भाग घेऊन पळणार असाल तर आयोजकांचे नियम आधी वाचा, काही ठिकाणी इअरफोन चालत नाहीत. त्यासाठी आठवड्यातली एक लांब फेरी तरी गाण्याशिवाय काढा. कोजागरीला आपली माणसं तुळजापूरपर्यंत पंचेचाळीसेक किलोमीटर चालत जातात, त्यातल्या कित्येकांच्या कानात काही नसतं. सोबत असते आणि तोंडानं जयजयकार चालू असतो. तुमच्या मित्रालाच सोबत न्या की, नुसता सल्ला कशाला देतोय.