नागपुरात घरच्या बागेत वर्षानुवर्षे टिकणारी फुलझाडं कोणती लावावीत?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन पुण्याहून बेसा भागात राहायला आलात, फेब्रुवारीत हौसेनं पंधरा-वीस रोपं आणली आणि मे संपेस्तोवर त्यातली दोनच उरली. आता पुन्हा पुन्हा लावावी लागणार नाहीत अशी फुलझाडं हवीत. वाईट वाटून घेऊ नका, नागपुरात बाग सुरू करणाऱ्याची पहिली हजामत उन्हाळाच करतो. माझी दोनदा केली.

चूक रोपांची कमी, महिन्याची जास्त. फेब्रुवारीत इथल्या नर्सऱ्या अशा फुललेल्या असतात की हात आपोआप पाकिटाकडे जातो. पण तेव्हा लावलेल्या रोपाला मुळं पसरायला जेमतेम दोन महिने मिळतात, मग पारा ४५ च्या आसपास. जुलैत, दोन-चार दणकून पाऊस झाल्यावर लावलं तर त्याच रोपाला नऊ-दहा महिने मिळतात.

खड्डे मात्र मे महिन्यातच खणून उन्हात तापू द्या, दीड फूट लांब-रुंद-खोल. आपली काळी माती पावसात चपलेला चिकटून घरात येते आणि पाणी धरून बसते. उन्हाळ्यात तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यात बारीक मुळं तुटतात. म्हणून खड्ड्यातली अर्धी माती काढून तिच्या जागी मुरूम किंवा जाड रेती आणि पूर्ण कुजलेलं शेणखत घाला. शेणाचा वास येत असेल तर ते अजून कुजलेलं नाही. रोप जमिनीपेक्षा चार बोटं उंच बसवा, म्हणजे ऑगस्टच्या झडीत बुडाशी पाणी साचत नाही.

आता झाडं. एकच लावणार असाल तर मोगरा लावा. बाकीची झाडं ज्या उन्हात माना टाकतात त्या उन्हात हा फुलतो. पण त्याला जानेवारीच्या शेवटी थोडं छळावं लागतं. आठ-दहा दिवस पाणी तोडायचं, मग फांद्या साधारण निम्म्या छाटायच्या, उरलेली पानंही ओरबाडून काढायची. झाड अगदी काटक्यांची मोळी दिसतं आणि घरचे म्हणतात, मारलंत. त्यानंतर बुडाशी हलकी खांदणी, दोन ओंजळी शेणखत आणि भरपूर पाणी. मार्चच्या शेवटी कळ्या धरतात. टप्पोऱ्या कळ्या संध्याकाळी तोडून माठात टाकल्या की सकाळचं पाणी पिण्याजोगं होतं. बटमोगरा घ्या किंवा एकेरी. मला एकेरीच आवडतो, फुलं लहान पण झेपावणारा वास.

बोगनवेलीला लाड चालत नाहीत. पाणी जास्त दिलं की नुसता पाला. माती सुकू द्या, मग रंग बघा. (रंगीत असतात ती खरं तर पानंच, फूल म्हणजे मधलं पांढरं इवलंसं.) कण्हेर, तगर, मधुमालती, जास्वंद ही डोळे मिटून लावण्यासारखी. कण्हेर विषारी आहे, घरात लहान मूल असेल तर टाळा. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. शेंडा तोडून टाका, बाकी झाडावर साबणाचं पाणी. मुंग्या चढताना दिसल्या की समजायचं तो आलाय.

देवचाफा हिवाळ्यात पानं गाळतो. मला वाटलं तहानलाय, म्हणून रोज बादलीभर पाणी. शेजारी काम करणारे माळीकाका कुंपणावरून म्हणाले, "काऊन पाणी घालून राहिले बाप्पा त्याले? झोपलं हाय थे." तोवर उशीर झाला होता, बुंधा दाबला तर स्पंजासारखा लागला.

एक्झोराचं (गुच्छांनी फुलणारं झुडूप) दुखणं वेगळं. पानांच्या शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळंधमक. खत घातलं, पाणी कमी-जास्त केलं, काही नाही. आपल्या मातीत चुना आणि बोअरचं पाणीही जड, त्यामुळे जमिनीत लोह असूनही झाडाला उचलता येत नाही. चिलेटेड लोह (झाडाला सहज उचलता येईल अशा रूपातलं) पाकिटावरच्या मात्रेनं पानांवर फवारल्यावर नवी पानं हिरवी आली, जुनी तशीच गळली. अनंताचंही हेच. ही दोन्ही कुंडीतच बरी, माती आपल्या हातची राहते. आणि व्हिडिओंत दिसणारी लव्हेंडर, हायड्रेंजिया विसरा.

शेवंती लोक हिवाळा संपला की फेकतात, ते चूक. फुलं झाल्यावर बुडाशी छाटा, उन्हाळाभर सावलीत जेमतेम ओली ठेवा, पावसाळ्यात बुडाशी आलेले फुटवे वेगळे करून लावा. माझी एक कुंडी फाटकाजवळ होती, हिवाळाभर हिरवीगार, पण कळी एक नाही. कारण वर रस्त्याचा दिवा! शेवंतीला कळी धरायला लांब, काळोखी रात्र लागते. मागच्या अंगणात नेली आणि पुढच्या वर्षी फुलली.

उन्हाळ्याचं थोडक्यात सांगतो. पाणी सकाळी सातच्या आत. संध्याकाळी पाइपानं देणार असाल तर पाइपातलं पहिलं पाणी बादलीत सोडा, हात लावून बघा, चहा होईल. कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी झाडांना घालू नका. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, पॅडवर जमणारा पांढरा थर तोच. स्लॅबवरच्या कुंड्या विटांवर ठेवा, काळ्या प्लास्टिकच्या तर उन्हात नकोच. एप्रिलपासून नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) संपेपर्यंत वर हिरवी जाळी आणि मातीवर वाळक्या पाल्याचा चांगला चार बोटं थर. या दिवसांत खत अजिबात नाही.

अंगणात ऊन कुठल्या बाजूनं येतं ते कळवा, म्हणजे कोणतं झाड कुठे ते सांगता येईल. आणि तुमची ती जगलेली दोन रोपं कोणती, तेही लिहा. एक सदाफुली असणार, पैज लावतो.