वर्ड गेलं, रायटर आलं, आता बोटांनी काय करायचं?

प्रश्न: ताई नमस्कार. मी फोंड्याचा, पूर्ण अंध, एका सरकारी ऑफिसात कारकून. एनव्हीडीए (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून वर्डमध्ये पत्रं, इतिवृत्तं सगळं करायचो, शॉर्टकट बोटांत बसलेले. आता सगळ्या मशीनवर लिब्रेऑफिस टाकलंय, त्यात वर्डच्या जागी रायटर. सेव्ह अ‍ॅजसाठी एफ१२ दाबलं की ओळीला नंबर लागतो, लाईन स्पेसिंग द्यायला गेलो की पॅरेग्राफ मोठ्या अक्षरात जातो असं शेजारची सहकारी सांगते. साहेब म्हणतात जमत नसेल तर टायपिंग दुसऱ्याला देऊ. मला ते नकोय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: टायपिंग कुणालाही देऊ नका. तुमची बोटं बरोबरच चालतायत, पण तीच बटणं दोन सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळी कामं करतात. वर्डमध्ये कंट्रोल+१ म्हणजे सिंगल स्पेसिंग, रायटरमध्ये तेच दाबलं की ओळ थेट हेडिंग १ होते, कंट्रोल+२ ला हेडिंग २, म्हणून अक्षरं मोठी होतायत. चुकून झालं तर कंट्रोल+झेड दाबा. एफ१२ ने इथे क्रमांकांची यादी सुरू होते, सेव्ह अ‍ॅजला कंट्रोल+शिफ्ट+एस आहे. कंट्रोल+बी, कंट्रोल+एफ, स्पेलिंगचं एफ७ ही जुनीच आहेत, तेव्हा खरं शिकायचं तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा बरंच कमी आहे.

एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे आणि ती कुणी सांगत नाही. २००७ पासून वर्डमध्ये रिबन, म्हणजे वरची बटणांची पट्टी, आलं, त्यात टॅब, ग्रुप, पुन्हा आत बटणं असं कानाने फिरताना दमायला होतं. रायटरमध्ये साधे सरळ मेनू आहेत, ऑल्ट दाबायचा, बाणांनी फिरायचं, आणि एनव्हीडीए प्रत्येक नावासोबत त्याचा शॉर्टकटही वाचतो. माझ्या मते ऐकून काम करणाऱ्याला हेच सोपं. कुणी व्ह्यू मेनूतल्या यूझर इंटरफेसमध्ये टॅब्डची निवड करून ठेवली असेल तर ती बदलून स्टँडर्ड टूलबार करून घ्या. एखादी कमांड सापडतच नसेल तर शिफ्ट+एस्केप दाबून नाव टाईप करा, ही सोय ७.२ आवृत्तीपासून आहे.

लांब इतिवृत्तात फिरायला एफ५ म्हणजे नॅव्हिगेटर, त्यात हेडिंगची यादी येते, एंटर दाबला की थेट तिथे. पण हेडिंग खरी हेडिंग स्टाईल देऊन केलेली हवीत, नुसती बोल्ड केलेली ओळ तिथे येत नाही, तेव्हा सहकाऱ्यांनाही ही सवय लावा, तुमचं अर्धं काम तिथेच हलकं होईल. आजूबाजूचं फॉरमॅटिंग ऐकायला एनव्हीडीए+एफ (एनव्हीडीएचं बटण म्हणजे बहुधा इन्सर्ट).

बाहेर फाईल पाठवायची असेल तर टूल्स, ऑप्शन्स, लोड/सेव्ह, जनरलमध्ये नेहमी वर्डच्या फॉरमॅटमध्ये सेव्ह व्हावं असं लावा. तिथेच ऑटोरिकव्हरीची मिनिटं कमी करून टाका, पावसात लाईट कधी जाते ते आपल्याला माहीतच आहे.

तुमच्या ऑफिसात मराठी, कोकणी, इंग्लिश तिन्हींत पत्रं येत असतील. एनव्हीडीएसोबत येणाऱ्या ईस्पीक या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी आणि कोकणी दोन्ही आवाज आहेत, एनव्हीडीए+कंट्रोल+बाणांनी काम करता करता आवाज बदलता येतो. जुनी फाईल उघडल्यावर नुसतीच निरर्थक रोमन अक्षरं ऐकू आली तर ती युनिकोडच्या (आजच्या सर्वमान्य अक्षरपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमधली आहे, लिब्रेऑफिसचा त्यात काही दोष नाही, ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये करून घ्यावी लागेल. हे काम ऑफिसने करून द्यायला हवं.

साहेबांच्या बोलण्याचा मला खरंच राग आला. दिव्यांगजन हक्क कायदा २०१६ च्या कलम २० मध्ये सरकारी आस्थापनांनी दिव्यांग कर्मचाऱ्याला आवश्यक ती सोय करून द्यायची असं स्पष्ट आहे. नवीन सॉफ्टवेअर शिकायला वेळ आणि प्रशिक्षण मागणं त्यातच बसतं असं मी मानते. तोंडी नको, लेखी अर्ज द्या, त्यात काय हवंय ते नेमकं लिहा: चवथीच्या सुट्टीपर्यंत रोज अर्धा तास सरावाला, जुन्या फाईल युनिकोडमध्ये, आणि तोवर तुमच्या मशीनवर वर्डही राहू दे. अर्ज रायटरमध्येच टाईप करा आणि पोचपावतीची सही घ्यायला विसरू नका.