वाचक विचारतात: मंदी आली की कार कंपन्या रेसिंगमधून का पळतात?

रेनॉने २०२५ च्या सीझननंतर एफ-वनचं इंजिन बनवणं थांबवलं, त्यांच्याच अल्पीन टीमला २०२६ पासून मर्सिडीजचं विकतचं इंजिन. ही बातमी आल्यापासून "२००८-०९ च्या मंदीत होंडा, बीएमडब्ल्यू, टोयोटा गेल्या तसं परत होणार का" ह्या अर्थाचे एवढे प्रश्न आलेत की ह्या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, कोणाचा सुटला असेल तर राग मानू नका.

होंडाने आपली एफ-वन टीम एका पौंडाला विकली असं एका रीलमध्ये बघितलं. खरंय का थाप आहे? – एक वाचक, नाशिक

खरंय, पण रीलवाले अर्धीच गोष्ट सांगतात. ५ डिसेंबर २००८ ला होंडाचे तेव्हाचे प्रेसिडेंट ताकेओ फुकुई यांनी टोकियोत जाहीर केलं की आम्ही चाललो. सप्टेंबरमध्ये लेहमन ब्रदर्स बुडाली होती, अमेरिकेत गाड्यांची विक्री धाडकन पडली होती आणि वर येन महाग झालेला. हे येनचं प्रकरण आपल्याकडे कोणी सांगत नाही, पण जपानी कंपन्यांचं कंबरडं त्यानेच मोडलं. गाडी विकायची अमेरिकेत डॉलरमध्ये, हिशोब करायचा येनमध्ये, आणि डिसेंबरात डॉलर ९० येनच्याही खाली गेलेला, म्हणजे गाडी विकली तरी हातात कमीच येणार आणि इथे तर विकलीही जात नव्हती.

अशा वेळी इंग्लंडात ब्रॅकलीला ७०० च्या आसपास माणसांची टीम पोसायची आणि ती टीम २००८ मध्ये नववी आलेली, अख्ख्या सीझनमध्ये १४ पॉइंट. त्यात स्पॉन्सरही धड नाहीत. २००७ ची ती गाडी आठवते का, लोगो काढून टाकून अंगभर पृथ्वीचं चित्र काढलं होतं? दिसायला छान, पर्यावरणाचा संदेश वगैरे, पण अर्थ असा की जवळपास सगळं बिल होंडाच भरतेय. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही.

आता एक पौंड. म्हणजे तेव्हाचे सत्तर-बहात्तर रुपये. मार्च २००९ मध्ये टीमचा प्रमुख रॉस ब्रॉन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टीम घेतली ती ह्या नाममात्र किमतीला, पण होंडाने वरून त्या वर्षीच्या खर्चासाठी पैसेही दिले! का दिले? कारण टीम बंद करणं फुकट नसतं. ७०० लोकांचे हिशोब चुकते करा, सप्लायरचे करार मोडा, फॅक्टरीचं काय ते बघा. त्यापेक्षा कोणीतरी चालवतोय तर चालवू दे, थोडे पैसे देऊन मोकळे व्हा. माझ्या मते होंडाने बरंच सभ्यपणे पाय काढता घेतला, तरी अडीचशेहून जास्त लोकांच्या नोकऱ्या गेल्याच.

पुढचं माहितीय तुम्हाला. होंडाच्या इंजिनासाठी डिझाइन केलेली गाडी, तिच्यात ऐन वेळी मर्सिडीजचं इंजिन बसवायचं, त्यासाठी चासीचा (गाडीच्या सांगाड्याचा) मागचा भाग कापून जुळवला, हिवाळ्यातलं टेस्टिंग बाकीच्यांचं बरंच उरकलं होतं आणि ही पांढरी गाडी मार्चमध्ये बार्सिलोनाला उतरली आणि काही दिवसांतच सगळ्यांना मागे टाकायला लागली. २९ मार्चला मेलबर्नला त्यांचे ड्रायव्हर जेन्सन बटन पहिला, बॅरिचेलो दुसरा. पहिल्या सात रेसपैकी सहा बटनने जिंकल्या आणि वर्षअखेर ड्रायव्हरचं आणि टीमचं, दोन्ही टायटल ब्रॉनकडे. डबल डिफ्युझर, म्हणजे गाडी रस्त्याला चिकटवून ठेवणारा मागच्या तळाचा भाग, हे एक कारण होतंच (तो टोयोटा आणि विल्यम्सकडेही होता बरं का), पण खरं कारण असं की होंडाने २००८ चं वर्ष जवळजवळ सोडून देऊन २००९ च्या नवीन नियमांची गाडी लवकर सुरू केली होती. पैसे होंडाचे, कप ब्रॉनचा. आणि त्याच नोव्हेंबरात मर्सिडीजवाल्या डाइमलरने अबूधाबीच्या आबार कंपनीला बरोबर घेऊन टीमचे ७५.१ टक्के घेतले. २०१४ ते २०२१ सलग आठ कन्स्ट्रक्टर्स (म्हणजे टीमची) टायटल जिंकणारी मर्सिडीज ती हीच, त्याच ब्रॅकलीत.

टोयोटा तर जगातली सगळ्यात मोठी कार कंपनी, मग त्यांना काय कमी पडलं? – पिंपरीहून एक वाचक (स्वतः ऑटो कंपनीत आहेत)

पैसे कमी पडले नाहीत, जिंकणं कमी पडलं. २००२ ते २००९ आठ सीझन, १३९ रेस, १३ पोडियम (म्हणजे पहिल्या तिनात), विजय शून्य. जर्मनीत कोलोनला अवाढव्य फॅक्टरी होती, पण निर्णय जपानच्या मीटिंगांतून फिरून यायचे अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येते, आणि तुम्ही ऑटो कंपनीत आहात म्हटल्यावर एका सहीसाठी फाईल कुठे कुठे फिरते हे मी तुम्हाला काय सांगणार. २००९ ला बहारीनमध्ये त्यांचे ड्रायव्हर ट्रुली आणि ग्लॉक दोघं पहिल्या रांगेत होते, तरी ट्रुली तिसराच आला.

मार्च २००९ ला संपलेल्या वर्षात कंपनीला सत्तर वर्षांत पहिल्यांदा ऑपरेटिंग तोटा झाला. मग शेअरहोल्डरसमोर उभं राहून आठ वर्षं न जिंकणाऱ्या टीमचं समर्थन कोण करणार? नाकापेक्षा मोती जड झाला होता. ४ नोव्हेंबरला आकिओ टोयोदांनी माघार जाहीर केली, टीमचे प्रमुख तादाशी यामाशिना प्रेससमोर रडले. मला ह्यात खटकतं ते वेगळंच. ऑगस्टमध्येच नवीन कॉन्कॉर्ड करार (टीम आणि एफ-वन चालवणाऱ्यांमधला) झाला होता, २०१२ पर्यंत आम्ही आहोत म्हणून त्यावर टोयोटाचीही सही होती. तीन महिन्यांत सहीची किंमत संपली. बीएमडब्ल्यूने निदान करारावर सही व्हायच्या आधी, २९ जुलैलाच आम्ही जातोय म्हणून सांगून टाकलं होतं.

मंदी हे खरं कारण की बहाणा? हरायला लागले म्हणून पळाले असं आमच्या ग्रुपवर सगळे म्हणतात. – सोलापूर, तीन-चार जणांचा एकच प्रश्न

दोन्ही. घरात पैशाची ओढाताण सुरू झाली की आधी ओटीटीचं सबस्क्रिप्शन बंद होतं, किराणा नाही. कार कंपनीच्या दृष्टीने रेसिंग म्हणजे ते सबस्क्रिप्शन. मार्केटिंग आणि आर अँड डीच्या बजेटातली एक ओळ, आणि ती ओळ कापली तर एकही शोरूम बंद पडत नाही. मंदी नसती तर होंडा-टोयोटा अजून दोनेक वर्षं रखडत राहिले असते असं मला वाटतं, हरत असूनसुद्धा. आणि जिंकत असते तर मंदीतही थांबले असते का? सुबारूकडे बघा, वर्ल्ड रॅलीत मॅक्रे, बर्न्स, सोलबर्ग असे तीन चॅम्पियन दिले, निळ्या इम्प्रेझावर अख्ख्या ब्रँडचं नाव उभं राहिलं, तरी १६ डिसेंबर २००८ ला गाशा गुंडाळलाच. आदल्याच दिवशी सुझुकी गेली होती. अर्थात सुबारूही शेवटची काही वर्षं जिंकत नव्हती, त्यामुळे तुमच्या ग्रुपचं अगदीच चूक नाही.

पण खर्च एवढा वाढलाच कसा हे बघायला पाहिजे, कारण मंदी यायच्या आधीच हा फुगा फुगलेला होता. २००० नंतर एकामागून एक कंपन्या आल्या आणि त्यांच्यात चढाओढ लागली. एकाच वीकेंडला चार-चार इंजिनं, क्वालिफायिंगसाठी (रेसला कोण कुठून सुटणार ते ठरवणाऱ्या फेऱ्यांसाठी) वेगळं इंजिन जे थोड्या लॅपनंतर भंगारात. २००४ पासून वीकेंडला एक इंजिन असा नियम आला, २००९ ला तर अख्ख्या वर्षात ड्रायव्हरमागे आठच. विंड टनेल, म्हणजे हवेचा झोत सोडून गाडी तपासायची यंत्रणा, रात्रंदिवस चालू. टेस्टिंगसाठी वेगळी टीम, वेगळे ट्रक, वेगळे ड्रायव्हर, रेस नसलेल्या आठवड्यात ते कुठेतरी स्पेनमध्ये फेऱ्या मारतायत. २००९ ला सीझन चालू असताना टेस्टिंगवरच बंदी घातली, तोवर होंडा निघून गेली होती.

बीएमडब्ल्यूचं तर मला राहून राहून वाईट वाटतं. २००८ ला कॅनडात त्यांचा ड्रायव्हर कुबित्सा जिंकला, हाइडफेल्ड दुसरा आणि त्यानंतर कुबित्सा चॅम्पियनशिपमध्ये सगळ्यांच्या पुढे होता! पण कंपनीच्या प्लॅनमध्ये टायटल २००९ ला लिहिलेलं, मग सगळा जोर पुढच्या गाडीकडे वळवला, ती गाडी फसली, आणि बोर्डाने टीमच बंद करायचं ठरवलं. हातात आलेलं वर्ष एका पॉवरपॉइंटपायी घालवलं, दुसरं काय.

मग फेरारी का नाही जात? – कोल्हापूर

कारण तिथे उलटं आहे, एन्झो फेरारीने रस्त्यावरच्या गाड्या विकल्या त्या रेसिंगचा खर्च निघावा म्हणून. १९५० पासून एकही सीझन चुकवलेला नाही. धमक्या मात्र भरपूर देतात. २००९ मध्ये एफआयएचे (मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेचे) अध्यक्ष मॅक्स मोझली यांनी चार कोटी पौंडाची खर्चमर्यादा आणायची म्हटलं तर फेरारी पॅरिसच्या कोर्टात गेली आणि हरली, मग आठ टीमनी वेगळी सिरीज काढायची धमकी दिली आणि मोझलींना मर्यादा गुंडाळावी लागली. गंमत म्हणजे (गंमत कसली) त्या मर्यादेच्या भरवशावर तीन नवीन टीम आल्या होत्या, लोटस, व्हर्जिन आणि एचआरटी. मर्यादा आलीच नाही, तिघीही नंतर बुडाल्या. आपले करुण चंडोक आणि नारायण कार्तिकेयन एचआरटीच्या गाडीत शेवटच्या रांगेतून का धावायचे, त्याचं उत्तर बरंचसं इथे आहे.

कॉस्ट कॅप (खर्चमर्यादा) आता आलीय ना, मग तरी कंपन्या का जातायत? – ठाणे

आलीय, २०२१ पासून, १४.५ कोटी डॉलरने सुरुवात, म्हणजे मोझली बोलले त्याला बारा वर्षं झाल्यावर. वरातीमागून घोडं. पण त्यात ड्रायव्हरचे पगार, मार्केटिंग, वरच्या तीन लोकांचे पगार धरत नाहीत, आणि इंजिनवर वेगळी मर्यादा यायला २०२३ उजाडलं. टीम चालवणं ह्यामुळे परवडायला लागलं हे नक्की, पण इंजिन बनवणं अजूनही प्रचंड महाग आहे, रेनॉने तेच तर सोडलं.

होंडाने २०२० च्या ऑक्टोबरात परत एकदा जातो म्हटलं ते कार्बन न्यूट्रल व्हायचंय, इंजिनिअर तिकडे हवेत म्हणून. गेली, आणि जाता जाता रेड बुलचा व्हर्स्टॅपेन २०२१ चा चॅम्पियन झाला, होंडाच्याच इंजिनवर. २०२३ मध्ये परत येतो म्हणाली, २०२६ पासून ॲस्टन मार्टिनबरोबर. १९६८, १९९२, २००८, २०२१, चार वेळा निरोप घेऊन झालाय, आता त्यांच्या प्रेस नोटवर कोणी मनाला लावून घेऊ नये.

टाटा किंवा महिंद्राने एफ-वनमध्ये उतरावं असं नाही वाटत? – पुणे

नाही. मनापासून सांगतो, नको. महिंद्रा फॉर्म्युला ई मध्ये (इलेक्ट्रिक गाड्यांच्या रेसिंगमध्ये) २०१४ च्या पहिल्या सीझनपासून आहे आणि तिथे काय झालं बघा, ऑडी आणि बीएमडब्ल्यू २०२० च्या शेवटी जातो म्हणाल्या, मर्सिडीज दोन टायटल घेऊन २०२२ ला गेली, महिंद्रा अजून आहे. तिथे चासी आणि बॅटरी सगळ्यांना सारखी, खर्च आवाक्यात, आणि इलेक्ट्रिक गाड्या विकायच्यात तर संबंधही लागतो. टाटांची जॅग्वारही तिथेच आहे, २०२३-२४ चं टीम टायटल जिंकली. हीच जॅग्वार फोर्डच्या हातात होती तेव्हा एफ-वनमध्ये पैसे जाळत होती. २००४ ला मोनॅकोत एका हॉलिवूड सिनेमाच्या जाहिरातीसाठी गाडीच्या नाकात खरा हिरा बसवला, ड्रायव्हर क्रिस्टियन क्लीनने पहिल्याच लॅपमध्ये गाडी ठोकली, हिरा आजतागायत सापडलेला नाही. त्याच वर्षी फोर्डने टीम रेड बुलला विकली आणि २००८ ला जॅग्वार कंपनीच टाटांना.

आणि टाटांचा लोगो एफ-वनमध्ये दिसलाय की, २००५ ला नारायणच्या पिवळ्या जॉर्डनवर. सिल्व्हरस्टोनची ती टीम मग मिडलँड झाली, स्पायकर झाली, मल्ल्यांची फोर्स इंडिया झाली, २०१८ ला दिवाळखोरीच्या दारातून रेसिंग पॉइंट होऊन बाहेर आली आणि आता तिलाच ॲस्टन मार्टिन म्हणतात. होंडाचं २०२६ पासूनचं इंजिन ते तिलाच.