फुलासमोर तरंगणारा तो जीव शिंजीर की पतंग?

तुम्ही विचारलंय की फुलासमोर हवेत स्थिर राहून मध पिणारा, शेपटीला पिसांचा झुपका असलेला चिमुकला जीव शिंजीर (सनबर्ड, मकरंद पिणारा छोटा पक्षी) होता की हमिंगबर्ड. वर्णनावरून तो दोन्ही नव्हे. तो हमिंगबर्ड हॉक मॉथ, म्हणजे दिवसा उडणारा पतंग असावा. हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत आढळतात. फसगत मात्र जुनीच आहे. हेन्री बेट्स हा निसर्गअभ्यासक ॲमेझॉनच्या खोऱ्यात ११ वर्षं राहिला, आणि त्यानेही हमिंगबर्ड समजून असाच पतंग अनेकदा बंदुकीने मारला होता.

मी स्वतः पहिल्यांदा हातभर अंतरावरून पाहिला तेव्हा मिशांमुळे ओळखला. पुढे जाडसर होत गेलेल्या दोन स्पृशा, मागच्या पंखांवर नारिंगी छटा आणि फुलाला टेकण्याआधीच सरळ ताणलेली सोंड. ज्याला तुम्ही पिसं म्हणताय ते पोटाच्या टोकावरचे लांबट खवले. पंख सेकंदाला ७०-८० वेळा हलतात, म्हणून नुसता धूसर पट्टा दिसतो. पंखविस्तार जेमतेम ४-४.५ सेंटीमीटर, वजन अर्धा ग्रॅमही नाही.

जांभळा शिंजीर यापुढे चांगलाच मोठा, सुमारे १० सेंटीमीटरचा. तो क्षणभर हवेत थांबतो खरा, पण शक्यतो फांदीला धरून, मान वाकडी करून पितो. लांब नळीचं फूल असेल तर बुडाशी भोक पाडून मकरंद काढून घेतो. आणि तो गातो! विणीच्या काळात निळा-जांभळा चमकणारा नर उंच टोकावर बसून गात राहतो.

मला यातला सर्वांत विलक्षण फरक वाटतो तो खाण्याचा. मकरंदात साखर भरपूर, प्रथिनं जवळजवळ नाहीतच. पतंगाने ती गरज अळी असतानाच, कॉफीच्या कुळातल्या वनस्पतींची पानं खाऊन भागवलेली असते. पुढे पतंगाचं पोट मकरंदावरच भरतं. शिंजिराला तशी सोय नाही. पिल्लांसाठी त्याला किडे आणि कोळी पकडावेच लागतात, आणि मादी घरट्याची लोंबती पिशवी विणते तीही कोळ्याच्याच जाळ्याने.

पुन्हा दिसला तर मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपा. फूल सोडताना सोंड घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळली गेली, तर तो पतंगच.