फोडणीची चोरी

"मॅडम, आमच्या घरात फोडणी द्यायची चोरी झालीय," खुर्चीत नीट टेकायच्या आधीच ताई म्हणाल्या.

सात महिन्यांपासून यजमान शिजवलेल्या अन्नाला शिवत नव्हते. सकाळी पेलाभर पालकाचा रस, दुपारी काकडी-गाजर-बीट आणि मोडाचे मूग, संध्याकाळी फळं, भिजवलेले शेंगदाणे, चार बदाम. चहा बंद, दूध-दही बंद. कढईत मोहरी तडतडली की ते उठून गॅलरीत जाऊन उभे राहायचे. भाच्याच्या लग्नात पंगतीला स्वतःचा डबा घेऊन बसले. शेजारच्या सत्यनारायणाला तर प्रसादाचा शिरा कपाळाला लावून परत दिला. "प्रसाद परत केला हो यांनी," हे ताईंनी दोनदा सांगितलं. मग पदर सावरत त्यांनी विचारलं, "कच्चं खाऊन खरंच तब्येत सुधारते का? सुधारत असेल तर मी गप्प बसते. नसेल तर सांगा, मी यांच्याशी भांडते."

हा प्रश्न हल्ली महिन्यातून दोनतीनदा तरी माझ्या टेबलावर येतो. कधी आई मुलीबद्दल विचारते, कधी सून सासऱ्यांबद्दल. मी मनाची समुपदेशक, आहारतज्ज्ञ नव्हे. आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस एक आहारतज्ज्ञ बसतात आणि अशा वेळी मी त्यांचं डोकं खाते. (या दांपत्याच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

पुढच्या आठवड्यात ताईंचे यजमान, सर, स्वतः आले. चोपन्न वर्षांचे, पाटबंधारे खात्यात, कपडे अंगावर ढगळ झालेले. आल्या आल्या त्यांनी दोन रिपोर्ट टेबलावर मांडले, पत्त्यातले हुकूम टाकावेत तसे. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 8.2 वरून 6.5 वर. वजन 84 वरून 70. मधुमेहाला आठ वर्षं झालेली, आणि एवढे आकडे पहिल्यांदाच खाली आलेले. "आता बोला," म्हणाले.

आकडे चांगलेच होते. ते नाकारणं खोटेपणा झाला असता. पण ते कशामुळे उतरले, हा प्रश्न उरतोच. या माणसाने त्या सात महिन्यांत फरसाण सोडलं होतं, साखरेचा पाच वेळचा चहा सोडला होता, रात्री साडेनऊचा भाताचा डोंगर सोडला होता. शिवाय कच्च्या अन्नातून शरीराला कमीच हाती लागतं. शिजल्यावर पिष्ट फुगतं, मऊ होतं, आतडी ते सहज घेतात. कच्चं पोटभर खाल्लं तरी ऊर्जा कमी मिळते, वजन उतरतं आणि वजनाबरोबर साखरही. यात गॅस न पेटवण्याची जादू काही नाही. भाकरी-आमटी-कोशिंबीर मापात खाऊन, फरसाण सोडूनही बरंचसं हे घडलं असतं.

हे सगळं मी त्यांना तिथेच सांगून टाकलं. इथे माझं चुकलं.

ते म्हणाले, शिजवलं की अन्नातली एन्झाइम मरतात. मी म्हटलं, एन्झाइम ही प्रथिनंच असतात, जठरातल्या आम्लात बहुतेक तशीही तुटतात, आणि पचनाची एन्झाइम आपलं शरीर स्वतः तयार करतं. ते म्हणाले, जीवनसत्त्वं जळतात. मी म्हटलं, क जीवनसत्त्व कमी होतं हे खरं, पण टोमॅटोतलं लायकोपिन आणि गाजरातलं कॅरोटिन शिजवून, थोड्या तेलाबरोबर खाल्लं तर जास्त अंगी लागतं. मग त्यांनी गांधीजींना मध्ये आणलं. मी म्हटलं, 1929 मध्ये गांधीजींनी न शिजवलेल्या अन्नाचा प्रयोग केला, त्याबद्दल 'यंग इंडिया'त लिहिलंही, पण आमांशाने आजारी पडल्यावर तो थांबवला आणि पुन्हा शेळीच्या दुधावर आले. हे बोलताना मला थोडी मजा वाटत होती, हेही कबूल करते.

सर उठले. "तुम्ही पण चुलीच्याच बाजूच्या," म्हणाले आणि दाराकडे वळले.

दारात चपला घालताना मात्र एक गोष्ट दिसली. उजवा पाय चपलेत गेला नव्हता, पट्ट्यावरच पडला होता, आणि त्यांना ते कळलं नव्हतं. दोन पावलं गेल्यावर ताई म्हणाल्या, "अहो, चप्पल!" मग माझ्याकडे वळून हळूच, "तळपायाला मुंग्या येतात यांच्या. दोन महिने झाले." सर म्हणाले, "साठलेली घाण बाहेर पडतेय. सुरुवातीला होतंच तसं."

मी वाद घातला नाही. एवढंच म्हटलं की घाण बाहेर पडत असेल तर रक्तात काहीतरी दिसेलच, एकदा तपासून घ्या. रक्त तपासायला त्यांची ना नव्हती, रिपोर्टवर त्यांचा विश्वास होता. बी-12, म्हणजे नसांना लागणारं जीवनसत्त्व, आलं 118 पिकोग्रॅम. साधारण 200 च्या खाली गेलं की कमतरता धरतात.

हिशेब साधा होता. बी-12 वनस्पतीतून मिळत नाही, मग ती कच्ची असो वा शिजलेली. मोडांतून नाही, स्पिरुलिनाच्या हिरव्या गोळ्यांतूनही नाही, त्यातलं जे असतं ते आपल्या शरीराला वापरता येत नाही. जन्मापासून शाकाहारी माणसाला ते मिळतं दूध-दही-ताकातून, तेही बेताचंच. वर हे आठ वर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेत होते, आणि ती गोळी दीर्घकाळ घेतली की बी-12 चं शोषण कमी होतं. म्हणजे रांजण आधीच तळाला गेला होता, आणि यांनी दूध-दही सोडून वरची धारही बंद केली. उशीर झाला तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू केली.

दुसऱ्यांदा सर आले ते रिपोर्ट न घेता. या वेळी मी आहाराचं नावच काढलं नाही. विचारलं, "तुमच्या घरात याआधी कोणी असं पथ्य पाळलं होतं का?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "वडिलांनी."

वडिलांना मधुमेह होता, मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा एसटीने मिरजेला डायलिसिसला न्यायचं, मुलगा तेव्हा पंचविशीत. पाणी मोजून. मीठ नाही. आणि भाजी? आई भाजी बारीक चिरायची, मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात उकळायची, ते पाणी मोरीत ओतायची, मग उरलेला चोथा स्टीलच्या ताटात वाढायची. रंग गेलेला, चव गेलेली. "आईने त्या भाजीतला जीव काढून टाकला आणि ते खाऊन वडील गेले," सर म्हणाले. "मला ते ताट अजून दिसतं. मधुमेहाचं मलाही निघालं तेव्हाच ठरवलं होतं, त्या ताटावर मी बसणार नाही."

मी पहिल्या भेटीत एन्झाइमवर बोलत होते आणि हा माणूस तीस वर्षं त्या ताटासमोर बसलेला होता.

तेव्हा त्यांना त्या भाजीचा अर्थ कुणीच सांगितला नव्हता. मूत्रपिंडं नीट काम करत नसली की पोटॅशियम रक्तात साठतं, फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून अशा रुग्णाची भाजी उकळून पाणी टाकतात. त्यांची आई भाजीतला जीव काढत नव्हती, नवऱ्याचा जीव धरून ठेवत होती. मी सांगितलं ते एवढंच. सर खिडकीकडे बघत राहिले. रुमाल मी पुढे सरकवला नाही, त्यांच्या खिशात होता.

पालकाच्या रसाचं मी त्या दिवशी बोलले नाही. खरं तर तोच सगळ्यात अवघड भाग होता. मूत्रपिंडं शाबूत राहावीत म्हणून जो रस ते रोज पीत होते, तोच त्यांना बाधण्याची शक्यता होती. कच्च्या पालकात ऑक्झॅलेट भरपूर असतं. रस काढला की एका पेल्यात जुडीभर पालक जातो, जो भाजी म्हणून एका वेळी कुणी खाणार नाही. ऑक्झॅलेटमुळे खडे होतात, आणि रोजच्या हिरव्या रसांनी मूत्रपिंड निकामी झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. मधुमेह्याने तर ही जोखीम घेऊच नये. पण वडिलांची आठवण नुकती उघडी पडलेल्या माणसाला त्याच बैठकीत "तुम्ही त्याच वाटेने चालला आहात" म्हणणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं. ते पुढच्या आठवड्यात आहारतज्ज्ञांनी सांगितलं, लघवीची आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडं कशी चालतात ते सांगणारी) तपासणी हातात ठेवून. दोन्ही सुदैवाने हद्दीत होती.

आहारतज्ज्ञांनी सरांना कच्चं सोडायला सांगितलं नाही. काकडी, गाजर, मुळा, कांदा, फळं राहू द्या. मेथीची पचडी, कोशिंबिरी आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत, तीही भाकरीच्या बाजूला. मोड मात्र पाच मिनिटं वाफवायचे. मोड यायला जी ऊब आणि ओल लागते तीच जंतूंनाही मानवते. 2011 साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून पसरलेल्या ई. कोलाय जंतूंमुळे पन्नासच्या आसपास माणसं गेली होती. कोबी, कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली पान-पान धुवायची, कारण मातीतून येणारी पट्टकृमीची अंडी मेंदूपर्यंत पोचू शकतात. दुधीचा रस काढायचाच झाला तर आधी फोड चाखायची, कडू लागली तर सरळ फेकायची. राजमा कच्चा किंवा अर्धाकच्चा कधीच नाही. पालक उकळून, पाणी टाकून, डाळीत. आणि दिवसातून दोनदा दही किंवा ताक.

इथे वाचणाऱ्या मुलींसाठी एक. माझ्याकडे कच्चं खाणाऱ्या ज्या येतात त्यातल्या निम्म्या तुमच्या वयाच्या असतात आणि त्यांना वाटतं पाळी पुढे गेली म्हणजे शरीर 'हलकं' झालं. गीसन विद्यापीठातल्या संशोधकांनी 1999 मध्ये पाचशेवर कच्चाहारी जर्मन लोकांची पाहणी मांडली. त्यात 45 च्या आतल्या सुमारे 30 टक्के बायकांची पाळी अधूनमधून किंवा पूर्णच बंद झालेली होती. पाळी थांबली तर ते पथ्य लागू पडल्याचं लक्षण नव्हे, शरीराने खर्चाला कात्री लावली आहे. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि ताईंचं काय? त्यांना मी विचारलं, तुम्हाला भीती कशाची वाटते, यांच्या तब्येतीची की अजून कशाची? त्या चटकन म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षं यांना वाढलंय मी. आता मी वाढते आणि ताट तसंच उचलते." त्यामुळे मी त्यांना भांडायची परवानगी काही दिली नाही. फक्त एक सुचवलं की जेवणावर घरात बोलायचंच नाही, दोघांनी ताटं एकाच वेळी वाढून घ्यायची आणि एकत्र बसायचं, कुणाच्या ताटात काय आहे याची चौकशी नाही.

चैत्रात ताईंनी हळदीकुंकवाला आंबेडाळ केली. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, किसलेली कैरी, सगळं कच्चंच, वर हिंग-मोहरी-हळदीची फोडणी. सरांनी वाटी हातात घेऊन विचारलं म्हणे, "फोडणी तर तापवलेली आहे. मग हे कच्चं की शिजलेलं?" ताई म्हणाल्या, "मला नाही माहीत, खायचं तर खा." त्यांनी खाल्लं. दोन वाट्या.

परवा दोघं आले होते. वजन 72, साखर फारशी हललेली नाही, बी-12 वर आलंय, मुंग्या डाव्या पायातून गेल्यात, उजव्यात आहेत. दुपारी एक भाकरी आणि डाळ-पालक खातात. मात्र पालक किती मिनिटं उकळला हे मोबाइलवर वेळ लावून बघतात, आणि ताईंनी पाणी ओतलं का हे दोनदा विचारतात. धाक पूर्ण गेलेला नाही. त्यावर आमचं अजून चाललंय.

"आणि फोडणी?" मी विचारलं.

"देते की," ताई म्हणाल्या. "हे जातात अजून गॅलरीत. पण ताट वाढलं की आत येतात."